खापरखवल्या साप आणि सह्याद्रीची निघून चाललेली माती

मृण्मयी

नमस्कार. सह्याद्रीतील सापांविषयीची चर्चा नाग, मण्यार, घोणस, फुरसे आणि फार तर चापडा यांच्यापुढे सहसा जात नाही. ज्या सापांचे उभे आयुष्य जमिनीखाली जाते, जे कोणाला चावत नाहीत आणि दिसलेच तर गांडूळ समजून दुर्लक्षिले जातात, त्या खापरखवल्या सापांविषयी लिहिण्यासाठी हा धागा काढत आहे. त्यांच्यावरील संकट वाघ-बिबट्यांवरील संकटापेक्षा वेगळ्या जातीचे आहे, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर घडत असूनही दिसत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी थोडी ओळख करून देते. हे कुल जगात फक्त भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका एवढ्याच भागात आढळते. पन्नासहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील कित्येक एखाद्याच डोंगररांगेपुरत्या मर्यादित आहेत. महाराष्ट्रात फिप्सनचा खापरखवल्या आणि मोठ्या खवल्यांचा खापरखवल्या या दोन जाती त्यातल्या त्यात परिचित आहेत. फिप्सनच्या जातीचे वर्णन 1888 साली मेसन यांनी केले. नाव मात्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या हर्बर्ट फिप्सन यांचे आहे. मोठ्या खवल्यांच्या जातीची महाबळेश्वरची उपजात 1955 साली वेगळी नोंदवली गेली. 2016 साली दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातून याच कुलातील एका काळ्या सापाची नवी जात जाहीर झाली आणि तिला कात्रजच्या सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचे नाव देण्यात आले. म्हणजे ज्या भागात माणसांची इतकी ये-जा आहे, तिथली सापाची एक जात विज्ञानाला कळायला 2016 साल उजाडावे लागले.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत फिप्सनचा खापरखवल्या ‘असुरक्षित’ वर्गात आहे. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतील त्रावणकोरचा खापरखवल्या त्याच्याही वरच्या, ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. अनेक जातींपुढे तर ‘अपुरी माहिती’ एवढाच शेरा आहे. हा शेरा वाचून पुष्कळांना हायसे वाटते. वास्तविक ज्या जिवाची कोणी मोजदादच केलेली नाही, त्याच्याविषयी निर्धास्त राहण्याचे काहीही कारण नाही.

हा साप मातीत कसा शिरतो, हे समजल्याशिवाय त्याला माती का लागते हे कळत नाही. डोके शरीराहून अरुंद, निमुळते आणि कवटी घट्ट जुळलेली असते. शरीराच्या पुढच्या भागातील स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणारे लाल द्रव्य भरपूर असते, त्यामुळे तो भाग न थकता दीर्घकाळ काम करू शकतो. मागच्या भागात असे स्नायू नसतात. तो नुसता ओढला जातो. कार्ल गॅन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली ही रचना उलगडून दाखवली, तेव्हा त्यांनी तिला मालगाडीची उपमा दिली होती: पुढे इंजिन आणि मागे डबे. साप कातडीच्या आतल्या आत पाठीचा कणा नागमोडी वाकवतो, त्यामुळे शरीर त्या ठिकाणी जाड होते आणि बिळाच्या भिंतींना घट्ट टेकते. मग त्या टेकूवर जोर देऊन डोके पुढे रेटले जाते. शेपटीचे टोक तिरके कापल्यासारखे, खरखरीत असते, त्याला ओली माती चिकटून बुचासारखा थर बसतो आणि मागून येणाऱ्या शत्रूची वाट बंद होते.

ही सगळी यंत्रणा भुसभुशीत, ओलसर, पालापाचोळा मुरलेल्या मातीसाठी घडलेली आहे. दगडासारख्या दाबलेल्या मुरमात ती निरुपयोगी ठरते. शिवाय या सापाचे मुख्य खाद्य गांडुळे हे आहे, आणि गांडुळांनाही नेमकी तीच माती लागते. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो, आणि एका वेळी होणारी पिल्ले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. एखाद्या उतारावरचे साप संपले, तर ती पोकळी शेजारच्या डोंगरावरून कोणी येऊन भरून काढील अशी शक्यता फार कमी आहे, कारण मधली दरी, उघडा सडा म्हणजे खडकाळ पठार किंवा रस्ता ओलांडणे या वीतभर-फूटभर जिवाच्या आवाक्यातले नसते.

उत्तर सह्याद्रीत आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा पुरेशी होत नाही. केरळच्या डोंगरांना परतीच्या पावसाचाही चांगला आधार मिळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये धो-धो पाऊस पडतो आणि नंतरचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्या कोरड्या काळात माती ओली ठेवणारे दोनच आधार आहेत: झाडांची सावली आणि पाचोळ्याचे पांघरूण. उतारावरची झुडपे साफ केली, पाचोळा झाडून पेटवला, तर डिसेंबरातच वरचा थर कडक होतो. मोठी झाडे तशीच उभी असतात, म्हणून दुरून डोंगर हिरवाच दिसतो. उपग्रहाच्या छायाचित्रातही ते जंगल म्हणूनच मोजले जाते. पण जमिनीखाली राहणाऱ्या जिवापुरते ते जंगल संपलेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपण संरक्षण झाडांना देतो, प्राण्यांना देतो, आणि ज्या हातभर खोल मातीवर दोघेही जगतात, तिला मात्र भरावाचे साहित्य समजतो. या धाग्यावर घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी, शेती करणाऱ्यांनी, सर्पमित्रांनी आणि कायद्याची माहिती असणाऱ्यांनी आपापले अनुभव जरूर लिहावेत. फक्त एक विनंती आहे: सापांच्या नोंदी देताना नेमके ठिकाण लिहू नये, तालुका पुरेसा आहे.

डोंगरवाट

मृण्मयी, या विषयाला तोंड फोडल्याबद्दल मनापासून आभार. मी घाटरस्त्यांवर पावसाळ्यात नियमित भटकतो आणि तुमच्या लेखात न आलेली एक गोष्ट जोडू इच्छितो. रस्त्याच्या डोंगराकडील कडेला आता बहुतेक ठिकाणी काँक्रीटची उभ्या भिंतींची गटारे झाली आहेत. पूर्वी तिथे मातीचा चर असे, त्यात गवत वाढे, आणि वरून घसरलेला कोणताही जीव पुन्हा उतारात शिरू शके.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका गटारात मी एक खापरखवल्या पाहिला. पाणी जेमतेम बोटभर होते. तो भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात नाक खुपसून सरकत होता, थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तोच कोपरा चाचपत होता, कारण त्याला वर चढणे ठाऊकच नाही. त्याचे सगळे ज्ञान खाली शिरण्याचे आहे. अंगावर निळसर-जांभळी झळाळी होती आणि चिखलातून आलेला असूनही खवल्यांवर मातीचा कण नव्हता. मी त्याला ओल्या पानांसकट उचलले, तेव्हा त्याने डोके वेटोळ्याखाली लपवले आणि शेपटीचे टोक वर धरले. चावण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. वरच्या बाजूच्या झाडीत सोडल्यावर पाचोळ्याखाली दिसेनासा व्हायला त्याला फार वेळ लागला नाही.

त्याच रस्त्यावर चिरडलेलेही दिसतात, आणि सकाळी उजाडल्यावर दिसतात, म्हणजे प्रकार रात्रीचा असावा. हे साप पावसात बाहेर नेमके कशासाठी येतात, हे कोणी सांगू शकेल का?

मृण्मयी

डोंगरवाट, तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे. मुसळधार पावसात बिळे आणि भेगा पाण्याने भरतात, गांडुळेही वर येतात, त्यामुळे एरवी खोल असणारे साप पृष्ठभागालगत आणि पृष्ठभागावर येतात. घाटरस्ता म्हणजे उतार आडवा कापून केलेला काप असतो. वरच्या मातीतून सरकणारा साप त्या कापातून थेट गटारात किंवा डांबरावर पडतो. सरपटण्याचा वेग अत्यंत कमी आणि गुळगुळीत डांबरावर पकड नाही, त्यामुळे दोन पदरी रस्ता ओलांडायलाही त्याला जो वेळ लागतो, तेवढ्यात कितीतरी वाहने जातात. तमिळनाडूतील अनामलईच्या डोंगरांतील रस्त्यांवर मेलेल्या उभयचर-सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी 2001 साली प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यांतही खापरखवल्या कुलातील साप ठळकपणे होते.

गटाराविषयीचा उपाय खर्चाचा नाही. ठरावीक अंतरावर डोंगराकडची भिंत उभी न ठेवता उताराची आणि खडबडीत ठेवली, तरी पुष्कळ जीव वाचतील, आणि बेडूक, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर), खेकडे यांनाही तिचा उपयोग होईल.

नाचणीवाला

लेख आवडला, परंतु एक आक्षेप नोंदवतो, कारण या विषयांवर लिहिणारे बहुतेक लोक शेवटी बोट शेतकऱ्याकडे दाखवतात. आमच्या डोंगरउतारावर पिढ्यानपिढ्या नाचणी आणि वरी होत आली आहे. आम्ही राब भाजत आलो, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळत आलो, जमीन खणत आलो, आणि हे साप आमच्या बांधात होते व आजही आहेत. कुदळीने खणताना एखादा निघाला, तर आजी त्याला मातीसकट बाजूला ठेवायला सांगत असे. पाचोळा पेटवणे वाईट, जमीन फोडणे वाईट असे सरसकट लिहिले, तर उद्या आमच्यावर बंदी येईल, आणि डोंगर सपाट करून बंगले बांधणारा मात्र मोकळा राहील.

मृण्मयी

नाचणीवाला, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तो आल्याचा मला आनंद आहे. माझा रोख तुमच्या शेतीकडे नाही, आणि त्याची कारणे सविस्तर लिहिते.

माती ही उष्णतेची मंद वाहक आहे. राब भाजताना आच प्रामुख्याने वरच्या काही बोटांपुरती पोहोचते, भाजलेला तुकडा लहान असतो, आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन काही वर्षे पिकवून पुन्हा पड टाकण्याची जुनी पद्धत मातीला सावरायला अवधी देते. बांध, त्यावरची झुडपे, दगडी गडग्यांच्या फटी, ओढ्याकाठची राई हे सगळे शिल्लक राहते आणि साप तिथे सरकतात. कुदळ एका वेळी ओंजळभर माती उलटते आणि माणसाचे डोळे तिच्यावर असतात.

उत्खनन यंत्राचे काम याच्या नेमके उलट असते. ते शतकानुशतके साठलेला काळा थर खरवडून उताराखाली लोटते, खालचा मुरूम उघडा पाडते आणि जाता-येता आपल्या वजनाने तो दाबून घट्ट करते. सपाट केलेल्या जागी पुन्हा हिरवळ लावता येते, झाडेही लावता येतात, परंतु मातीतील पोकळ्या, मुळांच्या जुन्या वाटा, वाळवीची आणि गांडुळांची बिळे, ज्यांच्या आधाराने हा साप हालचाल करतो, ती रचना एका पावसाळ्यात परत येत नाही. लोटलेला ढिगारा खालच्या उतारावरची चांगली मातीही गाडून टाकतो, हे नुकसान तर कोणत्याच हिशेबात धरले जात नाही.

वणव्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. संपूर्ण डोंगर दर उन्हाळ्यात जळत असेल, तर जमिनीखालचा साप आगीने मरणार नाही कदाचित; पण पाचोळ्याचे पांघरूण दरवर्षी नाहीसे होते, पहिल्या वळवात उघडी माती वाहून जाते आणि थर पातळ होत होत खडक लागतो. त्या बाबतीत मी माघार घेणार नाही.

ऐन किंजळ

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या जुन्या अनुसूची 4 मध्ये सापांच्या ज्या कुलांची नावे दिली होती, त्यांत खापरखवल्या सापांचे कुल नावानिशी होते. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. म्हणजे साप पकडून ठेवणे किंवा मारणे यावर कायद्याची नजर कागदोपत्री तरी कित्येक वर्षांपासून आहे. अडचण अशी की या सापाला कोणी मुद्दाम मारायला जातच नाही. त्याचे घर काढून नेले जाते, आणि खासगी जमिनीतील घर काढून नेणे हा या कायद्याने सहसा गुन्हा ठरत नाही.

वृक्षतोडीसाठी महाराष्ट्रात 1964 चा स्वतंत्र अधिनियम आहे. परवानगीविना झाड तोडले, तर निदान तक्रार करायला एक कलम सापडते. मातीचे तसे नाही. महसूल खात्याच्या लेखी माती आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत. माती ब्रासमध्ये (100 घनफुटांचे माप) मोजली जाते आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून तिची वाहतूक करता येते. ती माती कुठल्या उतारावरची आहे, तिच्यात काय जगते, हा प्रश्न त्या अर्जात येण्याचे कारणच नसते.

बांधकामांचेही तसेच आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना 20,000 चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना लागू होते. एक डोंगर वीस-पंचवीस तुकड्यांत विकला गेला आणि प्रत्येकाने आपापला बंगला, पोहोचरस्ता, तरणतलाव केला, तर एकही तुकडा त्या मर्यादेत येत नाही. उतार मात्र अख्खा जातो.

पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीचा अहवाल 2011 मध्ये आला, कस्तुरीरंगन कार्यगटाचा 2013 मध्ये. त्यानंतर केंद्राने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे एकामागून एक काढले. 31 जुलै 2024 चा मसुदा सहावा होता आणि त्यात सहा राज्यांतील सुमारे 56,800 चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित होते. माथेरानला 2003 पासून आणि महाबळेश्वर-पाचगणीला 2001 पासून असे संरक्षण आहे, म्हणजे ही कल्पना नवी किंवा अव्यवहार्य नाही. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना प्रवेश नाही, ही एकच गोष्ट जमिनीखालच्या जिवांसाठी किती उपकारक आहे, याचा विचार डोंगरवाट यांचा प्रतिसाद वाचून प्रथमच मनात आला.

अबोली

दोडामार्ग-सावंतवाडी भागाविषयी लिहिते. खैरे यांच्या नावाची काळी जात ज्या पट्ट्यात आढळते, त्याच पट्ट्यात गेल्या काही दशकांत रबर आणि अननसाच्या लागवडी मोठ्या प्रमाणावर झाल्या. उच्च न्यायालयाने 2013 साली या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, तो निर्णय अत्यंत महत्त्वाचा होता. परंतु ऐन किंजळ यांनी म्हटले त्याप्रमाणे तो झाडांपुरता राहिला. लागवडीसाठी उतार साफ करताना यंत्राने ज्या पायऱ्या कापल्या जातात, त्यांतच खरे नुकसान होते. रबराची झाडे वाढली की वरून पाहणाऱ्याला ते घनदाट जंगल वाटते.

दक्षिणेकडच्या अनुभवातून दोन्ही बाजू दिसतात. सावली राखलेल्या, पालापाचोळा जागेवरच कुजू दिलेल्या मळ्यांमध्ये खापरखवल्या कुलातील काही जाती टिकून राहतात, ही समाधानाची गोष्ट आहे. जिथे सावली काढली, मातीत कीटकनाशके सोडली, तिथे मात्र गांडुळे जातात आणि त्यांच्या मागोमाग साप जातात. मातीत मिसळायची दाणेदार औषधे या बाबतीत सर्वांत वाईट. फोरेटचा वापर 2020 अखेर देशात बंद झाला. कार्बोफ्युरानवर 2023 मध्ये बरेचसे निर्बंध आले, तरी त्याचा दाणेदार प्रकार वगळण्यात आला. हे औषध गांडुळांना अत्यंत विषारी आहे, आणि हा साप तर गांडुळांवरच जगतो.

बंगल्यांच्या बाबतीत आणखी एका औषधाकडे लक्ष वेधते. पाया घालताना वाळवी लागू नये म्हणून जमिनीत क्लोरपायरिफॉससारखी द्रावणे ओतली जातात. पायाच्या आत ते समजण्यासारखे आहे, पण पुष्कळ ठिकाणी कुंपणाच्या कडेने आणि बागेतही ओतलेले मी पाहिले आहे.

कोइंबतूरजवळच्या अनैकट्टी डोंगरांतून 2018 साली भूपती यांच्या नावाने एक नवी जात जाहीर झाली. ज्या जातीला नाव मिळून जेमतेम काही वर्षे झाली आहेत, तिच्या परिसरात रस्ते, वसाहती आणि वीटभट्ट्या त्याआधीच पोहोचलेल्या होत्या. सह्याद्रीच्या उत्तर भागात तर अजून नाव न मिळालेल्या जाती असण्याची शक्यता पूर्ण आहे, आणि म्हणून प्रत्येक उतार हा एखाद्या जातीचा शेवटचा उतार असू शकतो असे समजूनच वागले पाहिजे, असे मला वाटते.

कुतूहल

अतिशय माहितीपूर्ण धागा. आमच्या बागेत असा एक साप निघाला होता, त्याला सगळे मांडूळ म्हणत होते. फरक कसा ओळखावा?

मृण्मयी

कुतूहल, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण मांडुळाविषयीच्या अंधश्रद्धेमुळे त्याची तस्करी होते आणि त्या हव्यासात हे निरुपद्रवी सापही पकडले जाण्याची भीती असते.

मांडूळ बराच जाडजूड असतो, त्याचे खवले बारीक आणि अंग तुलनेने निस्तेज असते, शेपटी बोथट आणि डोक्यासारखी दिसते. तो कोरड्या, मैदानी मुलखातला साप आहे. वाळा हा दुसरा साप सुतळीसारखा बारीक असतो आणि त्याचे डोळे म्हणजे खवल्याखालचे काळे ठिपके. देवगांडूळ तर सापच नव्हे. तो उभयचर आहे, त्याच्या अंगाला सापासारखे खवले दिसत नाहीत, वलये असतात आणि अंग बुळबुळीत असते. खापरखवल्याचे अंग गुळगुळीत, कोरडे आणि उन्हात इंद्रधनुषी झळकणारे असते, तोंड टोकदार असते आणि शेपटीचा शेवट तिरका, खरखरीत असतो. खैरे यांच्या नावाच्या काळ्या जातीच्या शेपटीला मात्र अशी तिरकी चकती नसते, म्हणून केवळ शेपटीवरून निर्णय करू नये. बागेत निघालेल्या सापाचे पुढे काय झाले, तेही कृपया लिहावे.

कुतूहल

ओळखीच्या एका गृहस्थांनी तो बाटलीत भरून दूर अभयारण्याजवळ सोडला. चांगलेच केले असे तेव्हा आम्हाला वाटले होते.

घाटमाथा

मी सर्पमित्र म्हणून काम करतो, म्हणून यावर लिहिणे माझे कर्तव्य समजतो. नाग किंवा घोणस घरात निघाली, तर तिला हलवण्यावाचून पर्याय नसतो, माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. तीच सवय आपण या सापांच्या बाबतीत लावतो आणि तिथे चूक होते. खापरखवल्या बागेत निघाला, याचा अर्थ तुमच्या बागेची माती अजून जिवंत आहे. त्याला तिथून हलवण्याची काहीही आवश्यकता नाही. अनोळखी मुलखात सोडलेल्या सापाला तिथली माती, तिथला ओलावा, लपण्याच्या जागा यांतले काहीच ठाऊक नसते. शिवाय एका डोंगरावरचा साप दुसऱ्या डोंगरावर नेऊन सोडणे हे शास्त्रीय नोंदींच्या दृष्टीनेही घातक आहे. पुढे कोणाला तो तिथे सापडला, तर जातीच्या प्रसाराविषयीचा निष्कर्षच चुकतो.

खणताना निघाला, तर त्याला त्याच मातीच्या ओंजळीसह उचलावे आणि त्याच आवारात, सावलीतल्या ओल्या पाचोळ्याखाली ठेवावे. उन्हात ठेवून छायाचित्रे काढत बसू नये. हा थंड मातीतला जीव आहे, तापलेल्या फरशीवर तो लवकर दगावतो. जखमी असेल तरच वन विभागाला कळवावे. आणि रस्त्यावर मेलेला दिसला, तर तो न हलवता डोके, अंगाची खालची बाजू आणि शेपटीचे टोक अशी तीन जवळून छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मापासाठी एखादे नाणे ठेवावे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर अशी नोंद टाकताना ठिकाण झाकून ठेवता येते. अभ्यासकांना मेलेल्या सापांच्या नोंदींचाही मोठा उपयोग होतो, कारण जिवंत साप शोधायचा म्हणजे त्याचेच घर उकरावे लागते.

डोंगरवाट

घाटमाथा, शेवटचे वाक्य विशेष पटले. पावसाळ्यात दगड उलटे करत हिंडणाऱ्या छायाचित्रकारांची संख्या वाढली आहे. उलटा केलेला दगड जसा होता तसा, त्याच खाचेत परत बसवणे एवढे तरी प्रत्येकाने कटाक्षाने करावे. तसाच उघडा सोडलेला दगड म्हणजे खालचा ओलावा दोन दिवसांत गेला.

नाचणीवाला

मृण्मयी, तुमचे उत्तर वाचून समाधान झाले. आता एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. आमच्या वाडीशेजारची जमीन विकली गेली आहे आणि घेणारे गृहस्थ सज्जन आहेत, ऐकून घेणारे आहेत. ते बांधकाम करणारच. त्यांना तो हक्क आहे. त्यांना जाऊन काय सांगावे, म्हणजे ते करता येण्याजोगे असेल?

मृण्मयी

नाचणीवाला, त्यांना माझ्या वतीनेही नमस्कार सांगा आणि पुढील गोष्टी सुचवा. संपूर्ण उतार एका पातळीत आणण्याचा आग्रह सोडून घर उताराच्या दोन-तीन टप्प्यांवर, शक्य तिथे खांबांवर उभे करावे. त्यामुळे खणाई कमी होते आणि खर्चही वाचतो. जिथे खणावेच लागेल तिथला काळा थर आधी वेगळा काढून सावलीत, झाकून ठेवावा आणि काम संपल्यावर तोच परत पसरावा. दरीत लोटू नये. यंत्राच्या येण्या-जाण्याची वाट एकच ठरवावी, म्हणजे बाकीची जमीन दबणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओढ्याच्या कडेची झाडी आणि तिथून वरच्या जंगलापर्यंतची एक पट्टी अजिबात हात न लावता सोडावी. ही पट्टी किती रुंद असावी यापेक्षा ती सलग असावी हे अधिक महत्त्वाचे आहे. कुंपणाचा पाया सलग काँक्रीटचा घातला, तर ती पट्टी तिथेच तुटते, म्हणून त्या भागापुरते तरी दगडी गडगे किंवा खांबांचे कुंपण करावे. पाचोळा जाळण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी ओढून ठेवावा. वाळवीचे औषध पायापुरतेच वापरावे. ते तयार झाले, तर काम सुरू होण्याआधी घाटमाथा यांच्यासारख्या जाणकाराला एकदा जागा दाखवावी.

घाटमाथा

जरूर येईन. फक्त पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर बोलवा. साप आणि गांडुळे वर आलेली असतात, त्यामुळे न खणता जमीन तपासता येते, आणि कोणती पट्टी राखायची हे त्या गृहस्थांना जागेवरच दाखवता येईल.

नाचणीवाला

उद्याच त्यांच्याशी बोलतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला ऐन आणि हिरड्याची जुनी झाडे आहेत, पट्टी तिथूनच धरता येईल असे वाटते. ते काय म्हणाले, ते इथेच कळवीन.